वारं सरेपर्यंत

गेनबा आचाऱ्याला ओळखत नाही असा माणूस भोर तालुक्यात शोधून सापडायचा नाही, आणि सापडलाच तर त्याच्या घरात अजून लग्न निघालेलं नसेल. गडी आंबवड्याचा. भाताची चार खाचरं होती, पण जीव रमायचा तो चुलवणापाशी. लग्न असो, बारसं असो, दहावं असो की देवाचा भंडारा, मांडवामागून पहाटे धूर निघाला की लोक समजायचे, गेनबा आला. साठी उलटली तरी भाताचा टोप तो एकटा उतरवायचा आणि कुणी मदतीला आलं तर त्याच्याच अंगावर खेकसायचा. तोंडाचा फाटका माणूस. ताटात टाकून उठणारा नवरदेवाचा मामा आहे की सरपंच, हे न बघता भर पंगतीत त्याची काढायचा. पण शेवटचा वाजंत्रीवाला जेवल्याशिवाय स्वतः घास घ्यायचा नाही, आणि त्याच्या मांडवातून उपाशी गेलेला माणूस अजून कुणी बघितलेला नाही.

त्याची बायको बाळाबाई वेल्ह्याच्या डोंगरातली. चारचौघांत तिचा आवाज ऐकल्याचं छातीठोक सांगणारं गावात कुणी नव्हतं. पुरुष माणसं समोर असली की पदर डोक्यावर आणि नजर जमिनीवर. घरात मात्र ती गेनबाला पुरून उरायची. बाहेर शेकडो पानं उठवणारा हा माणूस घरच्या चुलीकडं कधी फिरकला नाही. म्हणायचा, "गावाला म्या घालतो जेवाय. मला तू घाल." मग जेवायला बसला की रोज मिठाला नाव ठेवायचा आणि रोज ताट चाटूनपुसून उठायचा. ती म्हणायची, "मीठ कमी हाय तर भाकरी कशी सरली?" तो म्हणायचा, "भूक व्हती म्हनून." हे भांडण लग्न झाल्यापासून चालू होतं आणि ते मिटावं असं दोघांनाही वाटत नव्हतं.

या माणसाला अंतर्गळाचा त्रास होता. वजन उचललं की जांघेत आतडं खाली उतरायचं, गोळा यायचा. मग तो मांडवामागं आडोशाला जायचा, हाताने गोळा आत ढकलायचा, लंगोट करकचून आवळायचा आणि पुन्हा टोपाला हात घालायचा. हे बाळाबाईशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मुलगा बंडू बापाच्या भांड्यांचा टेम्पो चालवायचा, दिवसभर बरोबर असायचा, पण त्यालाही नाही. बाळाबाई मागं लागायची, "अवो, दावा की डाक्टरला एकदा." त्यावर गेनबाचं उत्तर ठरलेलं असायचं, "काय दावू? चारचौघांत धोतार सोडू व्हय?" आपल्याकडची माणसं दुखण्याला भीत नाहीत, दुखण्याच्या जागेला लाजतात. मला या लाजेचा मनापासून राग आहे, कारण तिनं जेवढी माणसं नेली तेवढी पटकीनंही नेली नसतील.

यंदा तुळशीची लग्नं लागली, मुहूर्त सुरू झाले, आणि वेल्ह्याकडच्या एका लग्नात ते व्हायचं ते झालं. मसालेभाताचा टोप उतरवताना गोळा आला आणि हाताने ढकलून आत जाईना. गेनबा मिठाच्या पोत्यावर बसला, घामानं निथळत राहिला, पण पंगती होईपर्यंत तिथून हलला नाही. कुठल्या पातेल्यात किती ओतायचं हे बसल्या जागेवरून ओरडत होता. शेवटची पंगत उठली आणि त्याला ओकारी झाली. बंडूनं त्याला रिकाम्या भांड्यांत टेम्पोत आडवा घातला आणि नसरापूर, कापूरहोळ करत भोरात आणला, तोवर गेनबाची बोलती बंद झाली होती. त्याची बोलती बंद झालेली बंडूनं जन्मात पाहिली नव्हती, म्हणून तो जास्त घाबरला.

भोरातला तो दवाखाना लहानसा, पण ऑपरेशनची सोय असलेला. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर पुण्याहून आले. अडकलेलं आतडं काळंनिळं पडलं होतं, म्हणून पोट उघडावं लागलं. गरम पाण्याच्या फडक्यात ते आतडं धरून बसल्यावर त्याला हळूहळू रंग आला, कापायची वेळ आली नाही. या सगळ्याला बराच वेळ गेला, आणि तेवढा वेळ गेनबाला गाढ झोपवून ठेवावं लागलं. धट्टीकट्टी हाडं, लवकर भूल चढेना, म्हणून औषधही जोराचं लागलं.

ही भूल दिली सौदामिनी मॅडमनी. भोरातल्याच बाई, पण तीन-चार दवाखान्यांत पळणाऱ्या. पायाला भिंगरी असली तरी त्या रोग्याच्या माणसांशी बोलल्याशिवाय जायच्या नाहीत. त्यांनी बाळाबाईला बाकावर जवळ बसवून घेतलं आणि सांगितलं, "मावशी, मालक जागे झालेत. पण त्यांचं आतडं अजून झोपलंय. मी दिलेल्या औषधानं डोकं झोपतं तसं आतडंही झोपतं. दुखणं मारायचं जे जोराचं इंजेक्शन आहे, ते त्याला आणखी झोपवतं. डोकं लवकर जागं होतं, आतड्याला दिवस लागतात. ते जागं झाल्याची खूण एकच, वारा सरतो. वारा सरेपर्यंत पोटात काही घालायचं नाही. पाण्याचा थेंबसुद्धा नाही. झोपलेल्या आतड्यात घातलेलं पुढं जात नाही, ते उलटून वर येतं. आलं का लक्षात?"

बाळाबाईनं मान हलवली. तिच्या ते पक्कं लक्षात आलं होतं. वारं सरणं म्हणजे काय, हे सांगायची गरज नव्हती. तिनं पदर जरा पुढं ओढला, एवढंच. माणूस जागा झाला आणि पोट झोपलेलं राहिलं, ही गोष्ट तिला भलतीच भीतीची वाटली. खाटेजवळ जाऊन ती गेनबाच्या पोटाकडं बघत बसली. आत काही हलत नव्हतं.

पहिले काही दिवस तिनं राखण केली. ठकुबाई, म्हणजे गेनबाची थोरली बहीण, गावाहून आली आणि भावाचे सुकलेले ओठ बघून तिनं डोळ्याला पदर लावला. "अगं बाळे, पानी तरी दे त्येला. वैऱ्यालाबी पानी देत्यात." बाळाबाई म्हणाली, "म्याडमनी न्हाई म्हनलंय, वन्सं." गेनबानं स्वतः हाताने खूण करून पाणी मागितलं, तरी तिनं ओला कापूस ओठावरून फिरवला आणि बाटली खाटेखाली सरकवली. इतकं तिनं केलं. पुढं जे झालं त्यात तिच्या हयगयीचा भाग नव्हता, हे मी इथंच सांगून ठेवतो, कारण गावानं नंतर बरंच काही म्हटलं.

पण राखण करायला ती एकटीच होती. बाकी सगळे मायेची माणसं. गेनबा कण्हायला लागला की बंडू खाटेपासून उठायचा. तो बाहेर जाऊन आवाज चढवायचा, "आमच्या बापाला दुखतंय, तुमी काय करताय? द्या की इंजेक्शन." आणि ते दिलं जायचं. दुखणं थांबायचं, गेनबा पेंगायचा, बंडूला बरं वाटायचं. त्या पेंगण्याबरोबर आत आतडंही पुन्हा पेंगतंय, हे त्याच्या गावी नव्हतं. सिस्टर येऊन म्हणाल्या, "बाबांना उठवा, चार पावलं चालवा, पोट लवकर सुरू होतं." त्यावर ठकुबाईनं त्यांना अशा नजरेनं पाहिलं की त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. पोट फाडलेल्या माणसाला कुणी चालवतं का, असं सगळ्यांचंच मत पडलं.

आता इथं एका शब्दाचा घोळ आहे, तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

वैष्णवी सिस्टर ही कामाची पोरगी. वॉर्डात दहा खाटा आणि ती एकटी, तरी कुणावर कावायची नाही. तिला दर फेरीला एक प्रश्न विचारायचा असायचा, आणि तो ती दवाखान्याच्या बोलीत विचारायची. दवाखान्याच्या बोलीत "गॅस झाला" म्हणजे पोटातला वारा बाहेर पडला, आतडं जागं झालं, चिंता मिटली. आंबवड्याच्या बोलीत "गॅस झाला" म्हणजे वारा पोटात साठला, पोट फुगलं, ओवा चावायची वेळ आली. शब्द एकच, आणि त्याची दोन टोकं एकमेकांकडं पाठ करून उभी.

त्या सकाळी शिवानीचे वडील आनंदराव भोंगवलीहून भेटायला आले होते. शिवानी म्हणजे बंडूची बायको. व्याही समोर खुर्चीवर बसलेले, म्हणून बाळाबाई भिंतीकडं तोंड करून उभी. गेनबाचं पोट पहाटेपासून तट्ट झालं होतं. वैष्णवी सिस्टर आली आणि तिनं विचारलं, "मावशी, बाबांना गॅस झाला का?"

"झालाय," बाळाबाई हळू म्हणाली.

"कधी?"

"पाटंपासनं झालाय."

"चांगला झालाय ना?"

बाळाबाईला हा प्रश्न जरा विचित्र वाटला, पण खोटं कशाला बोला. "लई झालाय," ती म्हणाली.

"अरे वा," वैष्णवी हसली. "आता काळजी नाही. मी डॉक्टरांना सांगते."

बाळाबाई चमकली. नवऱ्याचं पोट फुगलंय आणि ही पोरगी हसते काय. तिच्या मनात आलं, विचारावं, की बाई, मॅडम म्हणाल्या होत्या वारं सरायला पायजे, त्याचं काय? ते वारं तर अजून सरलेलं नाही. शब्द ओठापर्यंत आला. पण समोर व्याही. व्याह्यांच्या देखत, नवऱ्याच्या नावानं, तो शब्द कसा उच्चारायचा? गॅस हा शब्द कसा पँट-शर्ट घालून आलेला, चारचौघांत चालतो. वाऱ्याचं तसं नाही. तिनं पदर सावरला आणि स्वतःची समजूत घातली, की शिकलेली माणसं आहेत, त्यांना कळत असेल. एवढ्यात दिवसपाळीचे डॉक्टर आले, त्यांनी कानाची नळी पोटावर टेकवली न टेकवली, वैष्णवीचं ऐकलं आणि म्हणाले, "थोडं थोडं पाणी सुरू करा. सोसलं तर चहा, पेज." आणि ते पुढच्या खाटेकडं गेले. मॅडम त्या दिवशी नसरापूरच्या बाजूला कुठंतरी भूल द्यायला गेल्या होत्या.

पेज म्हटल्यावर शिवानी निघालीच. दुपारी ती इंद्रायणी तांदळाची पेज घेऊन आली, वर चमचाभर साजूक तूप. डॉक्टर थोडं थोडं म्हणाले होते. पण थोडं म्हणजे किती, हे प्रत्येक घराचं वेगळं असतं, आणि आचाऱ्याच्या घरात थोडं म्हणजे वाटीभर. बाळाबाईनं चमचा त्याच्या तोंडाला लावला. गेनबानं गिळलं, डोळे उघडले आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या तोंडून शब्द आला, "मीठ कमी हाय."

सगळे हसले. ठकुबाई रडत रडत हसली. आनंदराव म्हणाले, "पाव्हनं आता उठलं म्हना." बाळाबाईनं दुसरी वाटी भरली. तिच्या हाताला इतका हुरूप आला होता की मनातली पाल चुकचुकली ती तिनं ऐकून न ऐकल्यासारखी केली. तोही घेत गेला. उपाशी होता म्हणून नाही. बायको भरवतेय आणि आपण तोंड फिरवायचं, हे त्याला आयुष्यात कधी जमलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याला उचकी लागली.

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं असतं. नाव बरोबर निघालं की उचकी थांबते. गेनबाची आठवण काढणारी माणसं थोडी का होती? खाटेभोवती नावांचा खेळ सुरू झाला. ठकुबाईनं माहेरची सगळी नावं घेतली. शिवानी म्हणाली, "मामा, वेल्ह्याची ती नवरी काढत आसंल बगा आठवण." बंडूनं भाटघरपासून पार डोंगरापलीकडच्या वाड्यांपर्यंत जिथं जिथं टेम्पो नेला होता तिथल्या यजमानांची नावं घेतली. उचकी थांबेना. प्रत्येक उचकीला पोटावरचं टाक्यांचं फडकं वर उचललं जायचं. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "सारा तालुकाच आठवतोय जनू." त्यावरही सगळे हसले, फक्त गेनबा हसला नाही. तो बाळाबाईकडं बघत होता, आणि त्या बघण्यात काहीतरी असं होतं की तिनं नावं घेणं थांबवलं.

आत झोपलेलं आतडं आणि त्यावर दोन दिवसांची पेज, पाणी, चहा. जायला वाट नाही, तेव्हा ते येणार कुठून? उचकी हे त्याचं दार ठोठावणं होतं. दार वाजत होतं आणि घरातली माणसं पाव्हण्यांची नावं घेत बसली होती.

दुपारी उन्हं खिडकीतून खाटेवर आली असताना ते वर आलं. हिरवंकाळं, भसाभसा, नाकातोंडातून. गेनबा उताणा होता, इंजेक्शनच्या गुंगीत होता, कुशीवर वळायचं त्राण नव्हतं. अर्धं बाहेर पडलं आणि अर्धं छातीत गेलं. त्याचे ओठ शाईसारखे झाले. वैष्णवी धावली, तिनं त्याला कुशीवर ओढलं, नळीनं जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. तासाभरात अँब्युलन्स पुण्याच्या वाटेला लागली होती. बाळाबाई आत त्याच्या पायाशी बसली होती आणि सारखं एकच म्हणत होती, की कालच तर मीठ कमी म्हणाले.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात शौनक नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी गेनबाला व्हेंटिलेटरवर घेतलं, भोरला फोन लावून सगळी हकिगत विचारली आणि बाहेर येऊन बंडू आणि आनंदरावांना उभं केलं. बाळाबाई दोघांच्या मागं उभी होती.

"भोरचे डॉक्टर म्हणतात, गॅस झाला होता," शौनक म्हणाले. "म्हणजे आतडं एकदा सुरू झालं आणि मग बंद पडलं. असं होतं तेव्हा आत काहीतरी बिघडलेलं असतं. पीळ तरी पडला असेल, नाहीतर कुठं भोक. पोट पुन्हा उघडावं लागेल. छातीची ही अवस्था असताना पुन्हा भूल द्यायची म्हणजे टेबलावरून परत येतील का, हे मी सांगू शकत नाही. पण दुसरा रस्ता दिसत नाही."

बंडू सही करायला वाकला. शौनक मागं बघून सहज म्हणाले, "मावशी, तुम्हीच होतात ना जवळ? गॅस नक्की कधी झाला?"

"तवापासनं हायच की," बाळाबाई म्हणाली.

"हाय म्हणजे? झाला की गेला ना तो."

"न्हाई जी. गेला कुठं? तवाधरनं प्वाट गच्चच हाय."

डॉक्टर पुरते तिच्याकडं वळले. बाळाबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली, आणि उभ्या उभ्या तिला सगळं उलगडलं. ती पोरगी का हसली, डॉक्टर का पुढं गेले, पेज कुणी सांगितली, का सांगितली. ती भिंतीला टेकली.

"वारं न्हाई सरलं त्येंचं," ती म्हणाली.

"वारं म्हणजे?" शौनक म्हणाले. पोरगा पुण्यात इंग्रजी शाळेत वाढलेला, त्यात घाईत. त्याला खरंच कळलं नव्हतं.

समोर व्याही होते. मुलगा होता. सून होती, वॉचमन होता, चार परकी माणसं होती. बाळाबाईनं डोक्यावरचा पदर मागं पडू दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "पादले न्हाईत. आपरेशन झाल्यापासनं एकदाबी न्हाई. मला इचारलं गॅस झाला का, म्या म्हनलं झालाय. प्वाट फुगलं म्हनून म्हनलं."

आनंदरावांनी मान खाली घातली. शौनकनी बंडूच्या हातातला कागद काढून घेतला. "सही थांबवा," ते म्हणाले. "आधी फोटो काढून बघतो."

पोटाचा फोटो निघाला. कुठं भोक नव्हतं, कुठं पीळ नव्हता. आतडं नुसतं फुगून निपचित पडलेलं होतं, भुलीतून न उठलेलं. नाकातून नळी घातली तेव्हा भांडं भरून हिरवं पाणी निघालं, आणि त्यात भाताची शितं होती. ती शितं बाळाबाईनं काचेतून पाहिली. शौनक म्हणाले, "बरं झालं बोललात. उगाच फाडलं असतं." तिला त्या बरं झालं म्हणण्याचं काहीच वाटलं नाही.

बंडूचं डोकं मात्र फिरलं. त्याला कुणावर तरी तुटून पडायचं होतं. "त्या नर्सला बगतो आता. चार पोरं घिऊन जातो भोरात."

"कुठं न्हाई जायचं," बाळाबाई म्हणाली. "तिनं तिच्या बोलीत इचारलं, म्या माझ्या बोलीत सांगितलं. तिला बगायचं तर मला बी बग." बंडू खाली बसला.

मग सुरू झाला खरा पेच. छातीत गेलेल्या उलटीनं फुफ्फुसं भाजल्यासारखी झाली होती. श्वासाची नळी घशात, आणि ती नळी सोसायची तर माणसाला झोपवून ठेवावं लागतं. ज्या गुंगीच्या औषधानं छाती यंत्राशी जुळवून घेत होती, तेच औषध आतड्याला उठू देत नव्हतं. औषध कमी केलं की पोटात जरा गुडगुड व्हायची आणि वर गेनबा यंत्राशी झटायला लागायचा, खोकायचा, पडद्यावरचे आकडे कोसळायचे. औषध वाढवलं की छाती शांत आणि पोट पुन्हा दगड. शौनक दर फेरीला थोडं कमी, थोडं जास्त करत. त्यांनी बाळाबाईला काही लपवलं नाही. "एकाला उठवलं की दुसरं बिघडतं, मावशी," ते म्हणाले.

तिला दिवसातून दोनदा आत सोडायचे. ती त्याच्या पोटावर तळहात ठेवून उभी राहायची आणि पोटाशी बोलायची. "उठ की रं," म्हणायची. "त्यो झोपू दे, तू तरी उठ." आयुष्यभर हा माणूस कार्यांना जायला अंधारात उठायचा आणि तिला हाक मारून उठवायचा. आता तिनं किती हाका मारल्या तरी आतून ओ येत नव्हती. तिथली नर्स यायची, विचारायची, "आजी, गॅस पास झाला का?" आणि बाळाबाई चारचौघांत, कुणाचीही भीड न ठेवता, नागवा शब्द वापरून सांगायची की नाही. शब्दाची लाज तिच्यातून कायमची गेली होती. ती वेळेवर गेली असती तर काय झालं असतं, हा विचार तिला सोडत नव्हता. ती तो कुणाला बोलून दाखवायची नाही, पण शिवानीनं पुढं केलेली भाकरी तशीच परत जायची.

आणि एका दुपारी, ती हात ठेवून उभी असताना, तळहाताखाली काहीतरी सरकलं. आधी तिला वाटलं, भास. मग लांबलचक गुरगुर झाली, वरून खाली गेली, आणि वारं सरलं. चांगलं आवाज करून सरलं. घरात असं झालं असतं तर गेनबा स्वतःच मिश्या फेंदारून हसला असता आणि तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या. ती दारापाशी धावली आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "पादले. बंडू, पादले तुझं आबा." कुणी हसलं नाही. बंडूनं तोंडावर हात घेतला आणि तो ओक्साबोक्शी रडला.

शौनक आले. त्यांनी पोट दाबून पाहिलं, नळीनं नीट ऐकलं. "पोट उठलं, मावशी," ते म्हणाले. त्यांचा आवाज चांगला होता, पण डोळे पोटावर नव्हते. ते डोक्याशेजारच्या पडद्याकडं बघत होते. सकाळपासून त्यांनी औषध कशासाठी कमी केलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. छातीला आता यंत्र कितीही हवा देवो, ती घेईनाशी झाली होती, आणि गेनबाला झोपवून ठेवण्यात काही अर्थ राहिला नव्हता. शौनकनी बंडूला आणि आनंदरावांना बाजूला नेलं. काचेपलीकडं ते बराच वेळ बोलत होते. बंडू मान हलवत होता, नाही नाही म्हणत होता, आणि मग त्यानं मान हलवणं थांबवलं.

बाळाबाई खाटेपाशीच उभी होती. तिच्या डोक्यात एकच होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, वारं सरेपर्यंत पाणी नाही. आता सरलं होतं. या खेपेला तिनं आपल्या मनानं काही करायचं नाही असं ठरवलं होतं. डॉक्टर परत येईपर्यंत तिनं ओला कापूससुद्धा त्याच्या ओठाला लावला नाही.

"सायेब," ती म्हणाली, "वारं सरलंय. म्या सोता आयकलंय. आता पानी देऊ का?"

ती नकाराला तयार होती. निदान अजून थांबा म्हणतील, चमच्यानं द्या म्हणतील, अमुक इतकंच द्या म्हणतील, असं तिला वाटलं. इतके दिवस या माणसाच्या पाण्याचा थेंबन् थेंब कुणी ना कुणी मोजत आलं होतं. शौनकनी काही मोजलं नाही.

"द्या," ते म्हणाले. "ओठांना लावा. तुम्हाला हवं तेवढं द्या."

बाळाबाईनं वेल्ह्याच्या डोंगरात, आंबवड्यात, माहेरी आणि सासरी बरीच माणसं जाताना पाहिली होती. पाण्याला कुणीच नको म्हणत नाही, अशी वेळ केव्हा येते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि शिवानीकडं पाण्याची बाटली मागितली.